आधी भरा, मग मिळेल



माझी नोकरी बँकेतली, आणि तीही बहुतेक तालुक्याच्या गावांतल्या शाखांमध्ये झाली. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा लॉटरी, बक्षीस आणि खोटे चेक यांच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीवर बोलेन, असं मी कळवलं. ते ऐकून एका परिचितांनी विचारलं, "फुकटच्या पैशाची हाव असते तीच माणसं यात सापडतात. त्यांच्यासाठी व्याख्यान कशाला?" हा प्रश्न मी आज सगळ्यात आधी तुमच्यासमोर ठेवतो, कारण मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्याच्या विरुद्ध आहे. फसलेला माणूस हावरटच असणार, हा समज आपल्या समाजात जितका पक्का आहे तितकं फसवणाऱ्याचं काम सोपं झालं आहे. त्याची निम्मी मेहनत आपण, म्हणजे न फसलेली माणसं, करून देतो.

आधी ही फसवणूक दिसते कशी ते पाहू. स्पीड पोस्टाने एक जाड पाकीट येतं. पत्ता बिनचूक, नाव बिनचूक. टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहून कधीतरी एखादी साडी, मिक्सर, घड्याळ मागवलेलं असतं, त्या कंपनीचं नाव पाकिटावर असतं. आत एक स्क्रॅच कार्ड. नाण्याने घासायचं. घासलं की खाली चारचाकी गाडी निघते, आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गाडी नको असेल तर तेवढी रोख रक्कम घेता येईल. सोबत अभिनंदनाचं पत्र, त्यावर अशोकस्तंभ, दोन-तीन गोल शिक्के, एक सही, खाली मदतीसाठी मोबाइल नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. तुम्ही काय मागवलं होतं, साधारण कधी मागवलं होतं, हेसुद्धा तो सांगतो. ग्राहकांच्या याद्या कुठून तरी फुटतात आणि विकल्या जातात. पण घरात बसलेल्या माणसाला ते कुठून माहीत असणार? ज्याला आपली खरेदी माहीत आहे तो कंपनीचाच माणूस असला पाहिजे, असं त्याला वाटतं. यात मला हाव दिसत नाही. ओळख पटवून घेण्याचा जो साधा मार्ग आपण सगळे वापरतो तोच त्यानेही वापरलेला असतो.

एका शाखेत असताना साठीच्या पुढच्या एक काकू माझ्या टेबलापाशी आल्या. हातात पैसे भरायची स्लिप. रक्कम अठ्ठावीस हजार, खातं परराज्यातल्या एका शाखेतलं, साधं बचत खातं, कुणा तरुण मुलाच्या नावावर. काउंटरवरच्या कॅशियर मुलीला शंका आली म्हणून तिनेच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. मी विचारलं, "काकू, हे कोण तुमचे?" त्या म्हणाल्या, "नातेवाईक आहेत." बोलताना त्यांनी नजर खाली वळवली. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, आणि मला समोर बसूनही आवाज ऐकू आला. बँकेत कोणाला काही सांगू नका, सांगितलंत तर बारा लाखांच्या बक्षिसाची फाइल रद्द होईल, असं पलीकडचा माणूस हिंदीत बजावत होता. मी फोन मागितला. त्यांनी दिला. मी त्याला एवढंच म्हटलं की बक्षीस जर बारा लाखांचं आहे, तर तुमचे अठ्ठावीस हजार त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले काकूंच्या खात्यात जमा करा. तो म्हणाला, "सर, पैसा सील है, रूल नहीं है।" मी तेच पुन्हा म्हटलं. फोन कट झाला.

काकूंनी याआधी दोनदा पैसे पाठवले होते. पहिल्यांदा साडेसहा हजार, 'रजिस्ट्रेशन'चे. मग चौदा हजार, 'टीडीएस'चे. आता 'एनओसी'चे होते. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. पिशवीची नाडी ओढून घेतली आणि मला एकच गोष्ट म्हणाल्या, "साहेब, माझ्या मुलाला कळू देऊ नका." पोलिसांत तक्रार द्यायलाही त्यांनी नकार दिला, कारण तक्रार दिली की घरी कळणार.

माझ्या बोलण्याचे दोन धागे या एका प्रसंगात आहेत. पहिला, फसवणूक ओळखायची कशी. दुसरा, ती ओळखल्यावरही माणूस गप्प का बसतो. पहिला धागा तुलनेने सोपा आहे.

मी त्या माणसाला जो प्रश्न विचारला, तो कोणीही विचारू शकतो. त्यासाठी बँकेतली नोकरी लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. जे द्यायचं ते बक्षिसातून वजा करून घ्या. खरं बक्षीस देणाऱ्याला हे मान्य करावंच लागतं, कारण आपला कायदाच तसा आहे. लॉटरीच्या किंवा स्पर्धेच्या दहा हजार रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के दराने आयकर कापायचा असतो, आणि तो कापायची जबाबदारी बक्षीस देणाऱ्याची असते. विजेत्याच्या हातात कर कापून उरलेली रक्कम पडते. त्याने आधी खिशातून कर भरायचा आणि मग बक्षीस घ्यायचं, असं रोख बक्षिसात होत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो लपवून ठेवणं बरं नाही, कारण फसवणारे तो वापरतात. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, समजा गाडीच असेल, तर गाडीतून कर कापून घेता येत नाही. म्हणून गाडी ताब्यात देण्याआधी तिच्यावरचा कर भरला गेल्याची खात्री करणं देणाऱ्यावर बंधनकारक असतं. म्हणजे "गाडी हवी तर कर भरा" हे वाक्य ऐकायला अगदीच खोटं वाटत नाही. पण तो कर सरकारी तिजोरीत चलनाने जातो, त्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते. कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा फोन-पेच्या नंबरवर आयकर भरला जात नाही. जीएसटी नाही, कस्टम ड्यूटी नाही, स्टॅम्प ड्यूटीही नाही. पैसे कोणाच्या नावावर जमा होणार आहेत, हे स्लिपवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर पैसे पाठवण्याआधी दिसतं. ते नाव मोठ्याने वाचावं, आणि सोबत कोणी असेल तर त्यालाही वाचायला सांगावं.

खरी लॉटरी कशी चालते हे आपल्या लोकांना माहीत असायला हवं, कारण महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी आहे. १९६९ साली ती सुरू झाली. केरळने त्याआधी दोन वर्षं सुरू केली होती. आज देशात राज्य लॉटऱ्यांसाठी १९९८चा कायदा आहे. त्यानुसार तिकीट राज्य सरकारने छापायचं, त्यावर सरकारची मुद्रा हवी, आणि सोडत राज्य सरकारने स्वतः काढायची. निकाल जाहीर होतो, आणि मोठ्या बक्षिसासाठी मूळ तिकीट घेऊन विजेत्याने स्वतः दावा करायचा असतो. सरकारचा माणूस विजेत्याला शोधत फोन करत नाही. सरकारी लॉटरी चांगली की वाईट, हा वेगळा वाद आहे आणि तिच्या पायी मोडलेले संसारही मी पाहिले आहेत. पण तिकीट विकत घेतल्याशिवाय लॉटरी लागत नाही, एवढं तरी तिच्याकडून शिकता येतं.

ज्या नावाने आपल्याकडे बहुधा सर्वाधिक माणसं फसली असतील, ते म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'. व्हॉट्सॲपवर एक चित्र येतं. त्यात पंतप्रधानांचा, अमिताभ बच्चन यांचा आणि मुकेश अंबानी यांचा फोटो, पंचवीस लाखांचा आकडा, आणि सोबत एक ध्वनिमुद्रित निरोप की तुमच्या सिमकार्डाचा नंबर सोडतीत निघाला आहे. बँक मॅनेजरला फोन करा, पण फक्त व्हॉट्सॲपवरून करा, असं त्यात सांगितलेलं असतं. यांतले बरेच नंबर +९२ने सुरू होतात. तो पाकिस्तानचा क्रमांक आहे, आपला +९१. पण याच्यावरच विसंबू नका, कारण आता भारतीय नंबरावरूनही हेच निरोप येतात. त्या कार्यक्रमात पैसे मिळतात ते प्रश्नांची उत्तरं देणाऱ्याला. सिमकार्डाची सोडत हा त्या खेळाचा भागच नाही. सरकारने आणि पोलिसांनी हे अनेकदा जाहीर केलं आहे, आणि तरीही निरोप फिरतो आहे, कारण तो पाठवायला खर्च जवळजवळ येत नाही.

परदेशी लॉटरीचं प्रकरण त्याहून सरळ आहे. ब्रिटनच्या किंवा अमेरिकेच्या लॉटरीत तुमचा ई-मेल निवडला गेला, रक्कम रिझर्व्ह बँकेत येऊन पडली आहे, सोडवून घ्यायला शुल्क भरा. रिझर्व्ह बँक कोणा व्यक्तीचं खातं ठेवत नाही. तिच्याकडे तुमच्या नावाने पैसे पडून राहण्याची सोयच नाही. आणि परकीय चलनाच्या २०००च्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायलाच बंदी आहे. म्हणजे ज्या लॉटरीत भाग घेणंच नियमाबाहेर, तिचं बक्षीस रिझर्व्ह बँक सांभाळून ठेवते, असं आपल्याला सांगितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२मध्ये 'राजू आणि चाळीस चोर' या नावाची एक सचित्र पुस्तिका काढली. फसवणुकीचे चाळीस प्रकार चित्रकथेतून मांडले आहेत. इंटरनेटवर ती विनामूल्य मिळते. शाळांनी ती मुलांना द्यावी. मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना वाचून दाखवतील, आणि माझ्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं मला मनापासून वाटतं.

आता खोट्या चेकचं. याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुलं अमेरिकेत शिकायला आहेत आणि तिथला हा प्रकार इथल्या आई-वडिलांना कळत नाही. तिथे विद्यार्थ्याला ई-मेल येतो. कधी एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने सहायकाचं घरबसल्या काम, कधी दुकानात गुपचूप जाऊन सेवा तपासायचं काम, कधी गाडीवर जाहिरात लावून फिरायचं काम. कामाआधीच चेक येतो, समजा अडीच हजार डॉलरचा. त्यातले पाचशे तुमचा पगार, उरलेल्यातून गिफ्ट कार्ड विकत घ्या आणि त्यांचे नंबर खरवडून फोटो पाठवा. मुलगा चेक खात्यात भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसते. काढताही येते. मग त्याने संशय घ्यावा तरी कशाचा?

घोळ तिथल्या कायद्यात आहे, आणि तो कायदा ग्राहकाच्या भल्यासाठीच झाला होता. पूर्वी बँका चेकचे पैसे दिवसेंदिवस अडकवून ठेवत. म्हणून अमेरिकन संसदेने १९८७मध्ये कायदा करून बँकांना मुदत घालून दिली. ठरलेल्या दिवसांत ग्राहकाला रक्कम वापरायला मोकळी केली पाहिजे. पण रक्कम मोकळी होणं आणि ज्या बँकेवर चेक काढला तिने तो मान्य करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनावट चेक परत यायला कधी कधी आठवडे लागतात. तोवर गिफ्ट कार्डं गेलेली असतात, आणि बँक पूर्ण अडीच हजार विद्यार्थ्याकडून वसूल करते. बँकेने छापलेला म्हणून ज्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात तो कॅशियर्स चेकसुद्धा बनावट निघतो. जास्तीचे पैसे पाठवून उरलेले परत मागणारा कोणीही असो, जुन्या फर्निचरचं गिऱ्हाईक किंवा खोली भाड्याने घेणारा, त्याचा चेक घेऊच नये.

त्यात आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करायला परवानगीशिवाय मुभा नसते. आपण असं काम धरलं हे कळलं तर व्हिसा जाईल, या भीतीने मुलगा बँकेकडे जात नाही, विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जात नाही, आणि घरी तर मुळीच सांगत नाही. काकूंना मुलाची भीती होती, इथे मुलाला सगळ्यांचीच. घरच्यांनी सेमिस्टर सुरू होण्याआधीच त्याला सांगावं की पैसे गेले तर ओरडणार नाही, पहिला फोन आम्हालाच कर.

आपल्याकडे चेकची ही युक्ती तितकी चालत नाही. चेक पास होईपर्यंत आपल्या बँका सहसा पैसे काढू देत नाहीत, आणि ४ ऑक्टोबर २०२५पासून तर चेक दिवसभर सतत पास करण्याची पद्धत आली, त्यामुळे खरा-खोटा लवकर कळतो. पण तोच डाव इथे दुसऱ्या वेशात आला आहे. खात्यात वीस हजार जमा झाल्याचा मेसेज येतो, आणि लगेच फोन, "दादा, चुकून तुम्हाला गेले, आईला दवाखान्यात ठेवलंय, परत पाठवा ना." मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आलेला असतो. बँकेचा मेसेज तसा येत नाही, त्यावर बँकेच्या नावाची अक्षरं असतात. माणूस घाबरतो, दुसऱ्याच्या अडचणीने कळवळतो आणि स्वतःच्या खात्यातले वीस हजार पाठवतो. मेसेज हा पुरावा नाही. पासबुक भरून घ्या किंवा ॲपमध्ये शिल्लक बघा. खरोखरच चुकून पैसे आले असतील तर ते बँकेमार्फत परत जातील, तुम्ही स्वतः पाठवायची गरज नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो. घेण्यासाठी कोणी पिन टाकायला सांगत असेल, तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत.

हावरटपणाच्या मुद्द्याकडे वळतो. हे चेकवाले विद्यार्थी काम करून पैसे मिळवायला निघाले होते. वीस हजार परत पाठवणारा माणूस तर दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे राहू नये म्हणून धडपडत होता. त्याच्या प्रामाणिकपणावरच डाका पडला. काकूंना त्या बारा लाखांत काय दिसत होतं, हे मी त्यांना नंतर विचारलं. मुलाच्या घराचं कर्ज फिटेल, एवढंच त्या म्हणाल्या. या सगळ्यांना आपण एका शब्दात लोभी म्हणून टाकतो, आणि मग माणसं तोंड उघडत नाहीत.

तोंड न उघडण्याची किंमत आता पूर्वीपेक्षा खूप वाढली आहे. पैसे खात्यातून गेले की ते एका जागी थांबत नाहीत. पहिलं खातं बहुतेक वेळा एखाद्या गरजू मुलाचं असतं. महिन्याचे काही हजार घेऊन त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. तिथून रक्कम तुकडे होऊन पुढच्या खात्यांत, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख. हे काही मिनिटांत होऊ शकतं. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार गेली की व्यवहाराचा क्रमांक बँकेकडून बँकेकडे पाठवला जातो आणि रक्कम ज्या खात्यात सापडेल तिथे अडवली जाते. ही व्यवस्था २०२१पासून चालू आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. पण तक्रार उद्यावर गेली तर अडवायला रक्कमच उरलेली नसते. आधी नवऱ्याला सांगू की नको, मुलगा काय म्हणेल, या विचारात एक रात्र गेली की पैसे परत मिळण्याची आशा जवळपास संपते. यात माझं बँकवाल्यांशीही भांडण आहे. वयस्कर माणूस अनोळखी खात्यात मोठी रक्कम भरतो तेव्हा दोन मिनिटं थांबून विचारणं हे काम आहे, उपकार नाही. त्या कॅशियर मुलीने विचारलं म्हणून अठ्ठावीस हजार वाचले. रांग मोठी होती, आणि मागचे लोक तिच्यावर ओरडत होते.

एका गोष्टीबद्दल सावध करायचं राहिलं. एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जातो. काही आठवड्यांनी फोन येतो, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, कोर्टाची फी भरली की सोडवता येतील." कधी वकील म्हणून, कधी रिझर्व्ह बँकेचा अधिकारी म्हणून. ज्याने पहिल्या वेळी घरात कोणाला सांगितलेलं नसतं तोच या दुसऱ्या फोनला सापडतो, कारण घरी कळण्याआधी पैसे परत आणायची त्याला घाई असते. पोलीस तक्रारदाराकडे पैसे मागत नाहीत. तसा फोन आला तर तोही १९३०वर कळवा, जुन्या तक्रारीचा नंबर सांगून.

संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचनंतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी आणि आमचे दोन निवृत्त सहकारी बसणार आहोत. बक्षिसाचं पत्र, कार्ड, मोबाइलवरचा मेसेज, काहीही घेऊन या. पैसे भरले असतील तरी या, पण ते आजच भरले असतील तर शनिवारची वाट पाहू नका, आधी १९३०ला फोन लावा. घरच्यांना सोबत आणलंच पाहिजे असं नाही. येताना पासबुक आणा. पिन मात्र आम्हालाही सांगू नका.